बेंबी निघाली अकोल्याले

टाकळी मोगरेच्या नत्थुजीने एकदा एका माणसाच्या पोटावर तांब्या लावला, तो असा चिकटला की काढायला बैलजोडी जुंपावी लागली. बैल गुडघ्यावर बसले, तांब्या काही निघाला नाही. शेवटी तो माणूस तसाच तांब्यासकट लग्नाला गेला आणि वाढप्याने तांब्याच्या बुडावर चटणी वाढली. ही गोष्ट खोटी आहे असं म्हणणारा माणूस अकोट तालुक्यात सापडायचा नाही. प्रत्येकाच्या मामाने तो लग्नातला पाहुणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

खरी गोष्ट त्याहून साधी. पोट दुखलं म्हणजे बेंबी सरकली, हे त्या पट्ट्यात लहान पोरही सांगतं, आणि सरकलेली बेंबी बसवावी तर नत्थुजीनेच. माणसाने उपाशीपोटी यायचं, उताणं निजायचं. नत्थुजी बेंबीवर कणकेचा पेटता दिवा ठेवणार, त्यावर पितळी तांब्या उपडा घालणार. आतला दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट धरतो. तो ‘पुक्‌’ करून सुटला की बेंबी जाग्यावर आली. रविवारी आणि बुधवारी, ऊन अंगणात उतरायच्या आत. इतर वारी लावलेला तांब्या उलटा पडतो, असं नत्थुजीच्या बापाने सांगून ठेवलं होतं. घ्यायचं काही नाही, एक नारळ. पन्नास वर्षं हे चाललं होतं आणि नत्थुजीच्या घरात खोबऱ्याची चटणी कधी संपली नव्हती.

तर अशा या नत्थुजीचंच पोट दुखायला लागलं.

शुक्रवारी दुपारी पंजाबरावच्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा कार्यक्रम होता. नत्थुजीने वांग्याच्या भाजीसंगं सात रोडगे खाल्ले. गाव अकरा म्हणतं, पण चार गावाने वाढवलेले आहेत. संध्याकाळी बेंबीभोवती मुरडा आला. रोडग्याचं असेल म्हणून त्याने ओवा चावला. ओव्याने ऐकलं नाही. शनिवारी सकाळी त्याच्या बायकोने, लीलाबाईने चहा ठेवला तसा तो ठेवलेलाच राहिला, वर साय धरली. लीलाबाई कपाकडे पाहत राहिली. लग्नाच्या मांडवात सुद्धा ज्याने चहासाठी मंगलाष्टकं थांबवली होती, त्या माणसाने चहा सोडला होता.

“आवो, तुमाले काई होऊन राह्यलं का?”

“काई नाई. बेंबी सरकली जराशी.”

“मंग बसवा ना. दुनियेची बसवता.”

“शनवार आहे आज,” नत्थुजी म्हणाला.

पण दुपारपर्यंत दम निघाला नाही. त्याने दाराची कडी लावली, लीलाबाईच्या हातून स्वतःच्या पोटावर दिवा ठेवून घेतला आणि तांब्या घातला. तांब्याने धरलं, सोडलं, ‘पुक्‌’ वाजलं. आणि तास-दोन तासांत दुखणं बेंबीपाशी राहिलंच नाही. ते खाली उतरून उजव्या कुशीत जाऊन बसलं आणि एका जागी खुटी ठोकल्यासारखं ठणकू लागलं.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. नत्थुजीचं डोकं पन्नास वर्षं एकाच दिशेने चाललेलं. त्याने हिशेब बसवला: शनिवारी तांब्या लावला, म्हणून बेंबी उलटी सरकली. मधातून उजवीकडे गेली. आता रविवार उजाडेस्तोवर थांबायचं, मग उजवीकडे तांब्या लावून तिला वापस आणायची. बापाचा नियम मोडल्याची ही शिक्षा, त्यात काय एवढं.

रविवार उजाडला तोवर अंगात कणकण होती, दोनदा उलटी झाली होती, आणि पाय सरळ केला की उजव्या कुशीत कळ उठत होती. म्हणून तो गुडघे पोटाशी घेऊन आतल्या खोलीत पडला होता. बाहेर अंगणात शेकोटी पेटली होती आणि तिच्याभोवती चाळीस माणसं आपापल्या बेंब्या घेऊन बसली होती.

आता घराचं सांगायला पाहिजे. नत्थुजीचं घर दोन खोल्यांचं, एकामागे एक, आणि दार एकच. तेही सरळ अंगणात उघडणारं. मागे पूर्वी दुसरं दार होतं. त्या दाराबाहेर बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी सरकारी उपकेंद्र, फार तर पन्नास पावलं. पण दोन वर्षांमागे लोक नंबर चुकवून मागच्या दाराने घुसायला लागले, तेव्हा नत्थुजीने ते दार विटांनी बुजवलं. स्वतःच्या हाताने, दोन्हीकडून गिलावा करून. एकुलत्या खिडकीला गज. संडास अंगणाच्या पलीकडे, म्हणजे चाळीस माणसांच्या मधून. त्यामुळे पहाटेपासून नत्थुजी उठला नव्हता, गंगाळ खाटेखाली होतं, आणि आपणच लिंपलेल्या भिंतीकडे तो पाहत पडला होता.

“नत्थुजी, ऊन उतरून राह्यलं ना बाप्पा,” बाहेरून पंजाबरावचा आवाज आला. पंजाबराव शेजारी, दर रविवारी रांगेची व्यवस्था आपल्याकडे घ्यायचा. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

“पूजा चालू आहे,” लीलाबाई आतून म्हणाली.

“आज लयच लंबी पूजा आहे. देव रुसला का?”

बाहेर हसणं झालं. नत्थुजीला त्या हसण्याचाही धक्का पोटात बसला.

“मी भावनाले बलावतो,” लीलाबाई हळूच म्हणाली.

भावना म्हणजे शेषरावची पोरगी. नर्सचं शिकून गावातच उपकेंद्रावर नेमणूक घेऊन आलेली. मागच्या वर्षी नत्थुजीच्या रांगेतल्या एका बाईला तिने उठवून अकोल्याला पाठवलं होतं. तेव्हा नत्थुजी चौकात म्हणाला होता, “बाटलीतल्या पान्याले पोटातलं का समजते?” भावनाने ते ऐकलं होतं आणि काही बोलली नव्हती. त्याचाच नत्थुजीला जास्त राग होता.

“तिले बलावशीन तं मी इथंच मेलो असं समज,” तो म्हणाला. “चाळीस मान्सं पाहून राह्यले. बेंबीवाला नत्थुजी सुईवालीच्या हाती गेला म्हनतीन. बुधवारी एक कुत्रं येनार नाई आंगनात.”

“न येवो. नारय खाऊन खाऊन मलेही कटाया आला.”

“तू आन दिवा. उजवीकडे लाव.”

दिवा लावला. तांब्याने कातडी धरली तशी नत्थुजीने पांघरूण दातात धरलं. लीलाबाईने घाबरून तांब्या ओढून काढला. दुखणं तसूभर हललं नाही. रविवार होता, ऊन अंगणात यायचं होतं, पोट दोन दिवसांचं उपाशी होतं, एकही नियम मोडला नव्हता. नत्थुजी आढ्याकडे पाहत पडला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्याला कोणाला दोष द्यायला सापडत नव्हता.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. भावना आली होती, पण नत्थुजीसाठी नाही. तिची स्वतःची आई, शालूबाई, पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून रांगेत सातव्या नंबरवर बसली होती.

“आई, घरी चाल.”

“मी शेकाले बसली आहो.”

“आपल्या घरी चूल नाही का?”

“तुह्या गोयीनं थांबलं नाई तं का करू? तुले रोज पेशंट पायजे, आईले एक दिवस बी येळ नाई.”

रांगेला फुकटची करमणूक झाली. भावना आईचा हात धरून उभी राहिली आणि तेवढ्यात लीलाबाई दारात आली. नवऱ्याने तिला बजावलं होतं की भावनाला बोलवायचं नाही. तिने बोलावलं नाही. ती नुसतं एवढंच म्हणाली, “भावना, माह्या घरातलं पीठ खराब झालं का पाहून दे व माय,” आणि तिचं मनगट धरून आत ओढलं, कडी लावली.

भावनाने पीठ पाहिलं नाही. खाटेवरचा माणूस पाहिला, पाय कसे घेतलेत ते पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

“काकाजी, कधीपासून?”

“तुले कोन बलावलं?”

“कोणी नाही. सुरू कुठं झालं?”

नत्थुजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “बेंबीपाशी. शुक्रवारी. मंग शनवारी तांब्या लावला तं बेंबी सरकून इकडं आली. तुह्या पुस्तकात नाई हे.”

“पुस्तकात हेच आहे,” भावना म्हणाली. “फक्त बेंबी जाग्यावरच राहते, दुखणं चालत जाते. आधी मधात, मंग उजवीकडे खाली. भूक?”

“चहा बी सोडला,” लीलाबाई म्हणाली.

“उलटी?”

“दोन डाव.”

भावनाने ताप पाहिला. मग म्हणाली, “जरा खोका बरं.”

नत्थुजी खोकला. खोकला अर्ध्यातच मोडला आणि त्याचा हात उजव्या कुशीवर गेला. भावनाने पुढे काही दाबलं नाही.

“काकाजी, आतड्याले एक लहानशी शेपटी असते. ते सुजली आहे. तांब्यानं बसत नाही, चोळून बसत नाही, शेकून तं आणखी चिघळते. ते काढाच लागते. मी एकशेआठ बोलावतो.”

“या दारातून गाडी? लोकाइच्या समोरून?”

“मागचं दार असतं तं मागून नेलं असतं.”

नत्थुजीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचा गिलावा त्याच्याकडे पाहत होता. चांगला गिलावा केला होता, एक भेग नव्हती.

भावना फोन कानाला लावून कोपऱ्यात गेली, आणि त्याच वेळी गंमत झाली. नत्थुजीच्या पोटात काहीतरी सैल झालं. खुटी उपटल्यासारखी निघून गेली. त्याने पाय लांब केला. गेला. कुशीवर हात ठेवला. कळ नाही. दीड दिवसांनी त्याने पहिला पुरा श्वास घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की लीलाबाईने हात जोडले.

“बसली,” तो म्हणाला. “मी म्हनलं होतं ना. तांब्याले येळ लागते, पन बसवते. चहा ठेव व. अन् दार उघड, लोकं खोयंबले.”

भावना वळली. तिने फोन खाली घेतला नाही, पण तिचा चेहरा उतरला.

“एकदम थांबलं?”

“एकदम. आता पाय पसरतो, वाटलं तं नाचतो.”

“चहा देऊ नका काकू. पाणीही नको.” ती खाटेशी आली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती होती, आणि ती नत्थुजीला ऐकू आली. “काकाजी, गळू पिकून फुटलं का ठणका थांबते, हो ना? गळू पायाले असलं तं पू बाहेर येते. हे पोटात फुटलं. पू बाहेर जायाले जागा नाही. अर्धा तास बरं वाटीन, मंग अख्ख्या पोटात पसरीन. मघापर्यंत मले घाई होती. आता मले भेव वाटून राह्यलं.”

“तू मले भेवाडू नोको.”

“मी स्वतःच भेली तं तुमाले काय भेवाडू.”

नत्थुजीने हसायचा विचार केला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत, चौकात सांगण्याजोगं. पण ते ओठापर्यंत यायच्या आत पोटाचा डावा भागही दुखायला लागला. मग वरचा. मग सगळं पोट हळूहळू आवळत गेलं, आणि त्याने हात लावून पाहिला तर ते पाटासारखं कडक झालं होतं. हजारो पोटं त्याच्या हाताखालून गेली होती. असं पोट त्याने एकदाच पाहिलं होतं, एकोणीस वर्षांमागे, एका रविवारी. त्या माणसाला त्याने तांब्या लावून, ‘बसली’ म्हणून घरी पाठवलं होतं. त्या माणसाचं नाव या गावात कोणी नत्थुजीसमोर काढत नाही. नत्थुजीही स्वतःसमोर काढत नसे. बंद खोलीत ते नाव आता त्याच्या शेजारी येऊन निजलं.

“गाडी कधी येते?” त्याने विचारलं.

अर्ध्या तासाने अकोटकडून गाडी आली. स्ट्रेचरवर निजायला तो तयार झाला नाही. “चालत जातो,” म्हणाला. “लोकाइले मी सांगतो का अकोल्याच्या मोठ्या डाक्टरची बेंबी सरकली, मले न्याले गाडी आली.”

“काय सांगायचं ते सांगा,” भावना म्हणाली, “पण निघा.”

दार उघडलं. ऊन डोळ्यांवर आलं. दारापासून गाडीपर्यंत तीस पावलं होती आणि दोन्ही बाजूंनी माणसं. एका हाताखाली लीलाबाई, एका हाताखाली भावना, नत्थुजी कमरेत वाकून पाऊल घसटत निघाला. चेहरा मात्र त्याने व्याह्याच्या घरी निघाल्यासारखा ठेवला होता.

“काहून गा नत्थुजी, गाडी कोनाची?” पंजाबराव.

“अकोल्याहून आली,” नत्थुजी म्हणाला. “डाक्टरची...” पुढचा शब्द श्वासाने अडवला.

“डाक्टरची बेंबी सरकली वाटते,” पंजाबरावनेच पुरं केलं. रांग खूश झाली. एकाने नारळ वर करून दाखवला. नत्थुजीला काही करायचीही गरज नव्हती, थाप गावानेच मारली होती. फक्त चालायचं होतं.

वीस पावलं झाली. तिथे शेकोटीच्या पलीकडे एक माणूस उठून उभा राहिला. बाळापूरकडचा जीवन, पहाटे मोटारसायकलवर दहा-अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन आलेला.

“बाबा, आता बुधवारीच या लागीन का आमाले?” त्याने विचारलं. “हे आकांक्षा कालपासून जेवली नाई.”

पोरगी बापाच्या मागून पुढे आली. उजव्या बाजूला वाकून, हात कुशीवर, पाऊल घसटत. नत्थुजीने तिच्या पावलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या. दोघं एकाच चालीने चालत होते.

तो थांबला. भावनाने हात ओढला, तो हलला नाही.

“कुठं दुखते, माय?”

“इथं,” पोरगी म्हणाली. “पयले बेंबीपाशी दुखे.”

“खोकून दाखव.”

ती खोकली आणि डोळे मिटून घेतले.

“एरंडेल तं नाही पाजलं ना हिले?” भावनाने बापाला विचारलं.

“पाजनार होतो. पन बाबा उपाशीपोटी आना म्हनते म्हून राहू देलं.”

नत्थुजीने आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं, शेकोटी, नारळ. अंगण त्याला कधी एवढं लहान वाटलं नव्हतं. थाप मारून तो आता सुटत होता, दहा पावलांवर गाडी होती. आणि जीवन पोरीला घेऊन बुधवारी येणार होता.

“जीवन,” तो म्हणाला, “हे बेंबी नोहे. हिची बी नोहे अन् माही बी नोहे. डाक्टरचं पोट चांगलं आहे. माहंच फुटलं. मी दोन दिवस तांब्या लावत बसलो, तू बसू नोको. पोरीले टाक गाडीत.”

पंजाबराव म्हणाला, “ताप चढला त्याले. बडबडून राह्यला.”

“बडबडून तं मी पन्नास वर्स राह्यलो,” नत्थुजी म्हणाला आणि उरलेली दहा पावलं चालला. रांगेतून शालूबाई उठली, पदर डोक्यावरून मागे टाकला आणि पोरीची चप्पल उचलून गाडीत ठेवली.

अकोल्याचा रस्ता कसा आहे ते अकोल्याच्या लोकांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला म्हातारा आणि पोरगी एकदमच कूस धरत.

“बाबा,” पोरीने विचारलं, “तांब्या दुखते का?”

“नाई. गाडी दुखते.”

मोठ्या दवाखान्यात दोघांनाही त्याच दिवशी टेबलावर घेतलं. पोरीची शेपटी सुजली होती, फुटली नव्हती. ती तिसऱ्या दिवशी घरी गेली. नत्थुजीचं पोट धुवावं लागलं. नळी लावून तो अठरा दिवस पडला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर आम्ही नुसतं पाहिलं असतं.

तो वापस आला तो अर्धा होऊन. वाटलं होतं, अंगणात आता चिमण्या बसतील. बुधवारी पहाटे दार उघडलं तर सत्तर माणसं. गावाने गोष्ट तयार करून ठेवली होती: नत्थुजीची बेंबी अकोल्याला पळाली, त्याने गाडी करून पाठलाग केला, जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तिला टाके घालून पक्की केली, आता ती जन्मात सरकायची नाही. नत्थुजीने खरं सांगितलं. लोकांनी ऐकलं, एकमेकांना डोळा मारला आणि नंबर लावला. पन्नास वर्षं थापा खऱ्या मानणाऱ्या माणसांना एका दिवसात खरं कसं पटावं. तो पुन्हा अडकला होता, आणि या खेपेला पहिल्यापेक्षा पक्का.

तो आत गेला, लोखंडी सब्बल घेतली आणि मागच्या भिंतीशी गेला. लीलाबाई ओरडली की टाके तुटतील. तेव्हा त्याने सब्बल तिच्या हाती दिली आणि कुठे मारायची ते बोटाने दाखवलं.

आता पुढच्या दाराने माणूस येतो. नत्थुजी त्याला निजवत नाही, उभा करतो. सुरू कुठं झालं, आता कुठं आहे, जेवला का, ताप आला का, वारा सरला का, शौचाला काळं झालं का, असे भावनाने पढवलेले प्रश्न विचारतो. बाई असली तर दिवस गेलेत का ते लीलाबाई विचारते. मग तो म्हणतो, खोक. मग म्हणतो, टाचा उचल अन् आपट. जो कळ न येता टाचा आपटतो, त्याला तो पोटावर तांब्या टेकवून, दिव्याशिवाय, ‘पुक्‌’ तोंडानेच काढून पुढच्या दाराने घरी पाठवतो. दोन दिवसांत थांबलं नाही तर परत ये, म्हणतो. जो टाच आपटताना भिंत धरतो, किंवा ज्याचं एखादं उत्तर नत्थुजीला आवडत नाही, त्याला तो तांब्याकडे पाहूही देत नाही. “तुही बेंबी मोठी आहे, तिले मागूनच काढा लागते,” म्हणतो आणि मागच्या दाराने बोळात सोडतो.

बोळाच्या तोंडाशी, पन्नास पावलांवर, भावना खुर्ची टाकून बसलेली असते. नारळ आता तिच्याकडे जातात. शालूबाईची तक्रार आहे की घरात चटणीशिवाय दुसरं काही मिळत नाही.